मामाचा गोळीबार

माझा मामा पोटासाठी गडगडाट करतो. शाळेत ‘माझे नातेवाईक’ या निबंधात हे वाक्य मी अगदी पहिलंच टाकलं होतं. मास्तरांनी त्याखाली लाल रेघ ओढून बाजूला लिहिलं, ‘मामांना डॉक्टरकडे न्यावे.’

मामा नाटकाच्या थिएटरात आवाज करणारा माणूस आहे. रंगमंचावर नायक हात वर करून आकाशाशी भांडतो तेव्हा ते आकाश डाव्या विंगेत असतं. माणसाच्या उंचीचा एक टांगलेला पत्रा आणि त्याची खालची कड धरून उभा असलेला काळ्या शर्टातला मामा, एवढंच ते आकाश. पत्रा हलवण्याचं सुद्धा शास्त्र आहे. लांबचा गडगडाट मनगटातून काढायचा, जवळचा खांद्यातून, आणि वीज कोसळायची असेल तर कमरेतून. म्हणून नाटकात वादळ असलं की मामी चोळायच्या तेलाची बाटली आधीच आणून ठेवते. नटमंडळी त्याला ढगोजी म्हणतात. ढगोजीचा पाऊस वाटाण्यांचा आहे, चाळणीत फिरवायचा. घोडे करवंट्यांचे. गोळीसाठी भंगारातल्या बसची एक रेक्झिनची सीट आहे. तिच्यावर वेताची छडी सपाट बसली की पिस्तूल वाजतं.

त्या सीटवर आजवर दोन सेनापती, कितीतरी प्रियकर आणि एकदा चुकून नायक मेला. खलनायकाचा हात अजून खिशातच होता, आणि मामाला शिंक आली, छडी पडली. नायक खरा कसलेला. तो छातीवर हात ठेवून हळूच खाली बसला आणि म्हणाला, “हृदय!” उरलेलं नाटक त्या दिवशी हृदयविकारावर निभावलं. लोक रडले. समीक्षकाने शेवट अनपेक्षित असल्याचं लिहिलं.

थिएटरात टेपवरचे आवाजही आहेत. मामा त्यांना शिळं अन्न म्हणतो. “टेपला काय कळतंय, आज हा कुठल्या पायावर पडणार आहे ते? मी त्याचा गुडघा बघतो. गुडघा वाकायला लागला की छडी सोडतो. रोज वेगळी वेळ, रोज ताजा मुडदा.”

तर असा हा माणूस आमच्या घरी येतो तेव्हा मांजराने धडे घ्यावेत असा येतो. चपला अंगणात काढतो, कडी दोन बोटांनी उचलतो, आणि स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून आधी हळूच म्हणतो, “ताई, मी आलोय.” मग आत पाऊल टाकतो. कारण त्याच्या ताईला, म्हणजे माझ्या आईला, अचानक झालेला आवाज सोसत नाही. ताट पडलं तरी ती भिंतीला टेकते आणि तिचा चेहरा चुन्यासारखा होतो. आमच्या घरातल्या प्रत्येक दाराच्या चौकटीला मामाने जाड लोकरी कापडाच्या पट्ट्या ठोकल्या आहेत. ठोकल्या म्हणजे स्क्रूने बसवल्या, हातोडी आणली नाही. खुर्च्यांच्या पायांना रबर त्याचंच, डब्यांच्या झाकणांखालचा कापडी गोल त्याचाच. आमच्याकडे भांडणंसुद्धा कुजबुजत होतात. शेजाऱ्यांना वाटतं, काय गोडीने राहतात हो! गावभर गडगडाट विकणाऱ्या माणसाने एक घर मात्र गप्प करून ठेवलं होतं.

त्याचं कारण घरात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि सगळ्यांना एवढंच ठाऊक होतं. आई नऊ-दहा वर्षांची असताना गिरणीचा संप चालला होता. चौकात सभा भरली आणि शिपायांनी गोळीबार केला. आई त्या वेळी चौकात होती आणि तिच्या कडेवर मामा होता. मामाला तेव्हा नुकते पाय फुटले होते. दोघांना खरचटलंसुद्धा नाही. मामाला यातलं काही आठवत नाही. आईला सगळं आठवतं, पण ती कधी बोलली नाही, आणि तिला विचारायची कुणाची छाती झाली नाही.

त्यामुळे झालं असं, की मामाचं काम आख्ख्या गावाने ऐकलं, फक्त त्याच्या ताईने नाही. प्रत्येक नव्या नाटकाच्या सकाळी ती त्याचा काळा शर्ट इस्त्री करते. विंगेतला माणूस उजेडात दिसू नये म्हणून काळंच घालायचं असतं. त्या शर्टाच्या कॉलरवर ती इतका वेळ घालवते, जसा काही तोच नायक आहे. नाटकाला मी जातो. परत आलो की ती मला विचारते, “पत्रा कसा वाजला?” मी म्हणतो, “झकास.” ती म्हणते, “झकास म्हणजे कसा?” आता पत्रा कसा वाजला हे कुजबुजत्या घरात करून कसं दाखवायचं? मी हाताने ढग काढतो. ती मान डोलावते. इतकी वर्षं ती भावाचं नाटक माझ्या हातवाऱ्यांवर बघत आली.

यंदाच्या नाटकाने हे सगळं बिघडवलं. नाटक फ्रेंचमधलं, कॉलेजात फ्रेंच शिकवणाऱ्या बाईंनी भाषांतर केलेलं. एका घराची बैठकीची खोली, खिडकीबाहेर चौक, आणि नाटकभर घरातली माणसं चौकात गेलेल्या मुलाची वाट बघतात. दुसऱ्या अंकाच्या शेवटी कंसात लिहिलं होतं, ‘बाहेर फ्युसिलाड. बराच वेळ. मग शांतता.’

मामाने संहिता काखेत मारली आणि मला बरोबर घेऊन कॉलेज गाठलं. कॉलेजच्या इमारतीत एकट्याने शिरायला तो बिचकतो. मी तिथे तीन वर्षं काढली असल्यामुळे त्याला मी वाटाड्या वाटतो. मी तिथे वर्गात फारसा नव्हतो, हे त्याला माहीत नाही.

बाई पेपर तपासत बसल्या होत्या. मामाने शब्दावर बोट ठेवलं.

“बाई, हे काय प्रकरण आहे?”

“गोळीबार हो, ढगोजी.”

“मग गोळीबारच लिहायचं की. त्याला परदेशी कपडे कशाला?”

“लिहिलं होतं आणि खोडलं.” बाईंनी चष्मा कपाळावर चढवला. “एका माणसाने एका बंदुकीतून चार गोळ्या झाडल्या तरी आपण गोळीबारच म्हणतो. इथे पुष्कळ बंदुका आहेत. मग मी ‘फैरी’ लिहिलं. पण फैर म्हणजे कुणीतरी हुकूम सोडतो आणि सगळे एकदम चाप ओढतात. इथे हुकूम मागे पडलाय. जो तो आपल्या मनाने झाडत सुटलाय, एकावर एक, थांबणं विसरून.”

“सरबत्ती!” मी म्हणालो. कॉलेजात तेवढं एक उत्तर तरी माझं बरोबर यावं अशी इच्छा होती.

“शब्द चोख आहे,” बाई म्हणाल्या. “पण आता सरबत्ती फक्त प्रश्नांची उरलीय. लोकांना वाटेल बाहेर वार्ताहर जमलेत. इंग्रजीतही तसंच झालंय म्हणा, तेही प्रश्नांची फ्युसिलाड म्हणतात. आणि खुद्द फ्रेंचमध्ये याला आणखी एक वाईट अर्थ आहे. माणसांना भिंतीशी ओळीने उभं करून गोळ्या घालणं, तेही हेच.”

मग मामाने तो प्रश्न विचारला जो तो प्रत्येक आवाजाला विचारतो. “हा आला कुठून?”

त्याची कामाची रीतच ती आहे. पाऊस करायचा तर कुठे पडतोय ते आधी सांगा, कौलावर की पत्र्यावर. दार वाजवायचं तर कोण वाजवतोय ते सांगा. आवाज जिथून निघाला ते ठाऊक नसेल तर तो त्याच्या हातून निघत नाही. बाईंना मात्र वाटलं, हा माणूस शब्दाबद्दल विचारतोय. त्या खुशीत आल्या. पेपर बाजूला सारून त्यांनी खडूच घेतला.

“चुलीतून,” त्या म्हणाल्या.

“काय?”

“लॅटिनमध्ये फोकस म्हणजे चूल. कॅमेऱ्याचा फोकस त्याच घरातला. चुलीवरून पुढे विस्तवालाच ते नाव पडलं. विस्तव पाडायचा तर गारगोटीवर पोलादाचा तुकडा आपटायला लागतो. त्या तुकड्याला जुनी फ्रेंच माणसं चुलीवरूनच बनलेल्या शब्दाने हाक मारायला लागली, फ्युझिल. घरोघर असायचा तो, चुलीपाशीच. मग बंदुकीत अशी सोय निघाली की चाप ओढला की गारगोटी पोलादावर आपटते, ठिणगी पडते, दारू पेटते. त्या पोलादाचं नाव आधी बंदुकीतल्या पोलादी पट्टीला लागलं आणि मग आख्ख्या बंदुकीला चिकटलं. आज फ्रेंचमध्ये बंदूक म्हणजे फ्युझी. बंदुकीने मारणं म्हणजे फ्युझिये. आणि पुष्कळांनी मिळून झाडत सुटणं, ते फ्युझियाद. इंग्रजांनी उचलून त्याचं फ्युसिलाड केलं.”

फळ्यावर चूल, पोलाद, बंदूक असे शब्द एकाखाली एक आले होते. मामाने वरून खाली एकेकावर बोट फिरवलं.

“म्हणजे हा घरातलाच होता,” तो म्हणाला. “चुलीपाशी बसलेला. आणि तिथून उठून चौकात गेला.”

“हो, असं म्हणता येईल,” बाई म्हणाल्या आणि खडू ठेवून दिला.

“बरं, हात किती लागतील?”

“हात?”

“बाई, मला हात दोनच आहेत. एकदम झाडायचं असतं तर एका हाताने सुद्धा झालं असतं. पण जो तो आपल्या मनाने म्हणजे मनं पण तेवढी लागणार.”

शब्दात आकडा नाही, असं बाई म्हणाल्या. पण एक खात्रीने नाही.

अशी मामाची फौज उभी राहिली. तिच्यात मामी होती, मेकअपवाला होता, पडदेवाला होता आणि मी होतो. बसची सीट मामाने स्वतःकडे ठेवली. मामीला जुनी चामडी सूटकेस मिळाली, मेकअपवाल्याला तक्क्या, पडदेवाल्याला दोरी बांधलेली फळी. ती एका टोकाला पायाने दाबून धरायची आणि दुसरं टोक उचलून सोडून द्यायचं. मला मोडक्या खुर्चीची पाठ मिळाली. हत्याराच्या बाबतीत मामा नात्यागोत्याचा विचार करत नाही.

आणि मग नाटकाच्या लोकांच्याच हातून व्हावी अशी चूक झाली. सुरुवात छान व्हायची. सटासट, वेडंवाकडं. पण जरा वेळ गेला की सगळ्यांच्या छड्या हळूहळू एकमेकींना शोधायच्या. पडदेवाल्याने जन्मभर मोजून पडदा पाडलेला, मेकअपवाला उमेदवारीच्या काळात कोरसमध्ये गायलेला, मामी गुणगुणल्याशिवाय काही करत नाही, आणि मामा तर मामाच. थोड्याच वेळात गोळीबार तालात यायचा आणि शेवट सगळ्यांचा मिळून समेवर, धाड! एकदा तर मामीने समेवर मानेला हलकासा झटकाही दिला.

प्रेक्षागृहात बसलेला दिग्दर्शक म्हणाला, “ढगोजी, एक सांगू का? माझा पाय ठेका धरतोय.”

“मग?”

“चौकात माणसं मरतायत हो.”

मामाने नाना उपाय केले. जागा बदलल्या, छड्या बदलल्या, पडदेवाल्याला उलट आकडे मोजायला लावले. तो उलटे आकडे तालात मोजायचा. मला मामा म्हणाला, “भाच्या, तुला तर तालाचं काही अंग नाही, तू तरी बिघडव की!” मी जीव तोडून बेताल वाजवलं, तर बाकीचे चौघे मलाच धरून ताल जमवायला लागले. दिग्दर्शक माणूस चांगला. तो म्हणाला, जमलं नाही तर टेपवर घेऊ, त्यात काय. मामा “हं” म्हणाला. मामाचं असं “हं” मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

सुट्टीच्या दिवशी तो आमच्याकडे जेवायला आला. मी दारातच म्हणालो, “मामा, खरा गोळीबार ऐकलेलं एक माणूस याच घरात...”

“विचारलंस तर तंगडं मोडीन,” मामा कुजबुजला. “तिला यातलं अक्षर कळता कामा नये. नाटकात काय आहे विचारलं तर सांग, लग्न आहे.”

आईने वाढलं. मामा घासाशी खेळत बसला. आई त्याच्याकडे बघत होती. ती बघते तेव्हा आम्ही घरातले सगळे आपोआप खरं बोलायच्या तयारीला लागतो.

“छोट्या, जेवत का नाहीस?” पन्नाशी ओलांडलेल्या मामाला ती छोट्या म्हणते.

“जेवतोय की.”

“पोट बिघडलंय?”

“नाही.”

“मामी रागावलीय?”

“छे.”

“कामाचं काही आहे? नाटक पडलं? नट काही बोलला? मग आहे तरी काय या नाटकात?”

सरबत्ती कशाला म्हणतात ते बाईंनी इथे येऊन ऐकायला हवं होतं.

“लग्न आहे,” मामा आणि मी एकदम म्हणालो.

“दोघं एकदम बोललात म्हणजे खोटं आहे,” आई म्हणाली. तिने डाव शांतपणे भांड्यात ठेवला, काठाला न लागू देता. “गोळीबार आहे ना? मामी बोलून गेली त्या दिवशी. सूटकेस बडवून तिचे दंड भरून आलेत. मी तेल दिलं.”

मामाने कपाळाला हात लावला. घरातली गुपितं तेलाच्या बाटलीतूनच बाहेर पडतात.

“होत नाहीये का?” आईने विचारलं.

“नाही होत, ताई. छान वाजतो. इतका छान की लोक ठेका धरतात.”

आईने त्याच्या ताटातला गार झालेला भात काढून गरम वाढला. मग म्हणाली, “मी येते.”

“कुठे?”

“तुझ्या थिएटरात. मी साठीची झाले. गुडघे आत्ताच पायऱ्यांना नको म्हणतायत. उद्या ते पार गेले की तुझं नाटक काय वर जाऊन बघू?”

“ताई, नको. तिथे... ते सहन नाही व्हायचं तुला.”

“तुला कसं माहीत? इतकी वर्षं या घराला कापूस लावून ठेवलास, मला कधी विचारलंस का, ताई, तुला ऐकायचंय का म्हणून?”

मामाने उरलेला घास एकदम तोंडात टाकला. मीही टाकला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई आली. मामाने तिला तिकीट खिडकीच्या खोलीत बसवलं. थिएटरात भिंती जाड असलेली तेवढी एकच खोली. मधली दोन्ही दारं लावून घेतली. “काही वाटलं तर सरळ घरी जायचं. मला सांगायलासुद्धा थांबायचं नाही,” असं त्याने तिला सांगितलं आणि मग बराच वेळ छडीच उचलली नाही. मामी शेवटी म्हणाली, “अहो, वन्सं काय आपली छड्या न वाजण्याची तालीम बघायला आल्यात का?”

आम्ही वाजवलं. नेहमीसारखं, वेडंवाकडं, मग तालात, मग समेवर. संपलं. तेवढ्यात विंगेचं दार उघडलं. आई दारात उभी होती. चेहरा चुन्यासारखा होता आणि चौकटीवरची बोटं पांढरी पडली होती. मामा छडी टाकून धावला. टाकली म्हणजे खाली ठेवली. त्या क्षणीसुद्धा त्याने ती वाजू दिली नाही, हे मी पाहिलं.

“असं नव्हतं ते,” आई म्हणाली.

“ताई, बस आधी.”

“बसते. पण असं नव्हतं.” ती बसच्या सीटवरच टेकली. “पहिली गोळी वाजली ती कुणाला गोळी वाटलीच नाही. वाटलं, कुणीतरी दुकानाची फळी टाकली. लोकांनी नुसत्या माना वळवल्या. मी तुला कडेवरून खाली ठेवून फ्रॉक झटकला, एवढा वेळ मधे गेला. मग दोन आल्या. मग सगळंच. त्यांचं त्यांना एकमेकांचं ऐकू येत नव्हतं रे. तुम्ही ऐकून वाजवताय. ते कुणी कुणाचं ऐकत नव्हते.”

आम्ही सगळे उभे होतो. मेकअपवाल्याने तक्क्या पोटाशी धरला होता.

“आणि शेवट असा नसतो,” आई म्हणाली. “सगळे एकदम थांबत नाहीत. सगळं थांबतं, माणसं डोकं वर काढतात, आणि मग एक येते. मागे राहिलेली. कुणा शिपायाला थांब म्हटलेलं ऐकू गेलं नसेल. ती एक सगळ्यात वाईट.”

मामा तिच्या पुढ्यात गुडघ्यावर बसला होता. तो अगदी हळू म्हणाला, “मला यातलं काहीच कसं आठवत नाही, ताई?”

“कसं आठवेल? मी तुझ्यावर पालथी पडले होते आणि तुझे दोन्ही कान माझ्या दोन हातांत होते. गच्च. नंतर लाल झाले होते, आई मला त्याबद्दल बोललीसुद्धा.” ती किंचित हसली. “तुझे झाकले म्हणून माझे उघडे राहिले. हात दोनच असतात ना.”

मामाने तिचे दोन्ही हात धरले आणि उलटसुलट करून बघत राहिला, जसा तो नवीन आणलेल्या वस्तूतून कसला आवाज निघेल ते बघतो. मग एकदम उठला आणि मेकअपवाल्याला म्हणाला, “कापूस आण.”

“कशाला?”

“सगळ्यांच्या कानात घालायला. कुणी कुणाचं ऐकायचं नाही. तोंडं भिंतीकडे. मी भिंतीवरचा दिवा लावला की सुरू, विझवला की बंद. मधे ज्याने त्याने आपलं आपलं बघायचं.”

आम्ही कानात कापसाचे बोळे कोंबले, भिंतीकडे तोंड केलं आणि वाजवलं. आम्हाला काय वाजलं ते कळलं नाही. ते कळलं दिग्दर्शकाच्या चेहऱ्यावरून. तो खुर्चीतून उठून उभा राहिला होता आणि त्याचे दोन्ही पाय जमिनीला खिळले होते.

राहिली ती शेवटची गोळी. ती भिंतीकडे तोंड केलेल्या माणसाला मारता येईना. कानात कापूस, मग सगळं थांबलंय हे समजणार कशावरून? मामाने मारून बघितली. पण मामाचा हात इतका शिकलेला की ती गोळीही नेमकी जागेवर पडायची, मागे राहिलेली वाटायची नाही. आई सीटवर बसून ऐकत होती. प्रत्येक वेळी तिचे खांदे वर जायचे, प्रत्येक वेळी ती ते पुन्हा खाली आणायची. तिसऱ्या की चौथ्या खेपेला तिने हात पुढे केला.

“आण ती छडी.”

“ताई...”

“मी मारते. मला माहितीय ती कधी येते.”

मामीने डोळ्याला पदर लावला आणि लगेच म्हणाली, “वन्सं, मनगट सैल ठेवा हं. नाहीतर दंड भरतात.”

पहिला प्रयोग दुपारचा होता. सकाळी आईने दोन शर्ट इस्त्री केले. दुसरा स्वतःसाठी, माझ्या कपाटातला जुना काळा, बाह्या दुमडून. विंगेत ती मामाशेजारी स्टुलावर बसली, पुढ्यात बसची सीट, हातात छडी. पहिल्या अंकात वादळ होतं. मामाने पत्रा हलवला, आधी मनगटातून, मग खांद्यातून. गेल्या कित्येक वर्षांचा हिशेब तिने त्या पत्र्याकडे बघून चुकता केला असावा. तिचे खांदे वर गेले, पण ती भिंतीकडे सरकली नाही. अंक पडल्यावर माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “तू ढग अगदीच चुकीचे दाखवतोस रे.”

दुसऱ्या अंकाचा शेवट आला. रंगमंचावर मुलाची आई खिडकीशी उभी राहिली. आमच्या कानात कापूस होता, तोंडं भिंतीकडे. पण मी शेवटचा उभा होतो, मला मान किंचित तिरकी केली की विंग दिसायची, आणि मी केली. ज्याचं अंग तालात नाही त्याचं तोंड तरी भिंतीकडे कसं राहणार?

दिवा लागला. मी वाजवत होतो आणि बघत होतो. या वेळी मामाकडे छडी नव्हती. तो ताईच्या मागे उभा होता. चौकात सगळं सुरू झालं तसे त्याचे दोन्ही हात वर आले आणि अगदी अलगद, लोकरी पट्टी बसवावी तसे, तिच्या कानांवर बसले. त्याचे डोळे मिटलेले होते. काय ऐकत होता ते त्यालाच ठाऊक. कदाचित जे त्या दिवशी त्याला ऐकू दिलं नव्हतं ते.

आईने मान झटकली. मला ऐकू आलं नाही, पण हे मामाने नंतर मला इतक्यांदा सांगितलंय की आता ते माझ्याच कानाने ऐकल्यासारखं झालंय. ती म्हणाली, “हात काढ रे. थांबलेलं ऐकू आल्याशिवाय शेवटची कशी मारू?”

त्याने हात काढले.

दिवा विझला. आम्ही थांबलो. मी कापूस ओढून काढला. थिएटरात श्वासाचाही आवाज नव्हता. लोकांना वाटलं, संपलं. कुणीतरी खुर्चीत सैलावलं, खुर्ची कुरकुरली. मामाने वाकून तिच्याकडे बघितलं. ती त्याच्याकडे बघत नव्हती. ती समोरच्या अंधारात कुठेतरी बघत होती, मान जरा कलती करून, डोकं वर काढणाऱ्या माणसांकडे बघावं तशी. मग छडी पडली.

एक बाई ओरडली, प्रेक्षकांतली. खिडकीशी उभी असलेली नटी खरोखरच दचकून मागे सरली आणि तिचं पुढचं वाक्य विसरली. ते नाटकाला फार शोभलं. पडदा पडेपर्यंत कुणी टाळी वाजवली नाही.

आई स्टुलावर बसून होती. छडी तिच्या मांडीवर होती. मामाने पाण्याचा पेला पुढे केला. ती प्यायली. मग तिने छडीच्या टोकाने सीटवरचं रेक्झिन दाबून बघितलं.

“इथे जरा पोकळ वाजतं,” ती म्हणाली. “उद्यापर्यंत आत थोडा कापूस भर.”

“उद्या?” मामाने विचारलं.

“मग? नाटक एकाच दिवसाचं आहे का?”